नाताळच्या ताटातील हॅम : एका परक्या पक्वान्नाची आवक-नोंद

एखाद्या समाजाचा इतिहास समजून घ्यावयाचा तर त्याचे तहनामे, वंशावळी आणि शिलालेख पाहावे लागतात, हे खरेच. परंतु कोणत्या ऋतूत काय दुर्मीळ होई, काय टिकवून ठेवावे लागे आणि कोणत्या बंदरातून कोणता जिन्नस घरात येई, याची नोंद दप्तरापेक्षा स्वयंपाकघर अधिक चोखपणे ठेवते. विशेषतः सणाचे ताट. रोजचे जेवण काळाप्रमाणे बदलते. सणाचे पक्वान्न मात्र पिढ्यान् पिढ्या जवळजवळ तसेच राहते, आणि म्हणून त्यात जुना काळ साचून राहिलेला सापडतो.

प्रस्तुत लेखासाठी आम्ही जे पक्वान्न निवडले आहे ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शिजत नाही आणि अनेकांच्या घरी शिजणारही नाही. ते म्हणजे युरोप-अमेरिकेत नाताळला, ईस्टरला किंवा कौटुंबिक मेजवानीला भट्टीत भाजून ताटाच्या मध्यभागी ठेवतात ते चकाकते हॅम. आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या जुन्या कुटुंबांतील मुले-नातवंडे आता त्या देशांत स्थायिक आहेत. डिसेंबर महिन्यात सहकाऱ्याच्या किंवा व्याह्यांच्या घरी त्यांना या ताटासमोर बसण्याचा प्रसंग येतो. तेव्हा हे पक्वान्न आले कोठून, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे. शिवाय आमच्या शासकीय सेवेचा बराच काळ पुरवठा खात्यात साखर, मीठ, रॉकेल यांच्या साठा-नोंदी तपासण्यात गेला. समोर आलेला जिन्नस कोठून आला, कोणत्या वाटेने आला आणि वाटेत त्याचा भार कोणी वाहिला, हे विचारण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तीच सवय येथे कामी आणतो.

प्रथम पक्वान्न नेमके काय ते सांगितले पाहिजे. डुकराच्या मागील पायाचा मांडीकडचा भाग मिठात मुरवून टिकाऊ केला की त्यास हॅम म्हणतात. हाडासह अखंड हॅमचे वजन साधारण सहा ते आठ किलो भरते. आज ते बहुधा दुकानातून मुरवलेले, धुरावलेले आणि शिजवलेलेही मिळते. घरी उरते ते भाजणे आणि सजवणे. सुमारे १६५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत, थोडे पाणी घालून, झाकून, काही तास ते मंद तापवतात. आतील मांसाचे तापमान ६० अंशांच्या सुमारास पोचले की काम झाले. शेवटच्या अर्ध्या तासाआधी ते बाहेर काढून वरची कातडी सोलतात, खालच्या पांढऱ्या चरबीवर सुरीने शंकरपाळ्यांसारख्या तिरप्या रेघा मारतात आणि प्रत्येक चौकोनात एकेक लवंग टोचतात. मग तांबूस साखर किंवा मध, मोहरीचा लगदा आणि संत्र्याचा वा अननसाचा रस यांचा पाक त्यावर कुंचल्याने फासून पुन्हा भट्टीत ठेवतात. हा पाक आधीच लावला तर साखर करपून कडू होते; म्हणून तो शेवटी. चरबी वितळते, पाक आटतो, आणि लाखेचा लेप दिल्यासारखी तपकिरी चकाकी येते.

आता आवक-नोंदीप्रमाणे जिन्नस मांडावेत: मांस, मीठ, साखर किंवा मध, मोहरी, लवंग, अननस. यांत एक जिन्नस डोळ्यांना दिसत नाही, पण मांसाचा गुलाबी रंग त्याच्यामुळे असतो. तो म्हणजे सोरा. मोहरी युरोपात घरचीच. बाकीच्या नोंदी एकेक करून पाहू.

मांस आणि मीठ यांची नोंद सर्वांत जुनी. उत्तर आणि मध्य युरोपात हिवाळा म्हणजे जनावरांच्या चाऱ्याची टंचाई. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, मेंढी लोकर देते; त्यांना कसेबसे हिवाळाभर पोसणे परवडते. डुकराचा उपयोग मांसापुरताच. शरद ऋतूत रानात ओक वृक्षाची फळे पडत, त्यांवर डुकरे चरून लठ्ठ होत, आणि थंडी पडू लागली की कापली जात. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस कित्येक प्रांतांत या कामाचा ठरलेला दिवस होता. इंग्लंडमध्ये १०८६ साली विल्यम राजाने जी जमीन-मोजणी करविली, त्या डूम्सडे नावाच्या दप्तरात अनेक ठिकाणी जंगलाचे माप ते किती डुकरे पोसू शकते यावरून नोंदले आहे. महसुलाच्या कामाशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना या मोजमापाचे मर्म लगेच कळेल.

एका जनावराचे मांस एका दिवसात संपत नाही. ताजे थोडे खाल्ले जाई, रक्त-आतड्यांचे पदार्थ होत, आणि मोठ्या मांड्या मिठात पुरल्या जात. मीठ मांसातील पाणी ओढून घेते आणि स्वतः आत शिरते. पाणी कमी झाले की नासवणारे जंतू वाढत नाहीत. मात्र एवढ्या जाड मांसाच्या मध्यावर, हाडापाशी मीठ पोचण्यास आठवडे लागतात. तोवर मांस थंड राहिले नाही तर ते हाडाजवळून, आतून कुजते. म्हणून हॅमला मिठाइतकीच थंडीची गरज आहे. हिवाळ्यात मुरलेली मांडी वसंतात खाण्याजोगी होई. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर येणाऱ्या ईस्टरच्या ताटात हॅम आले ते या हिशेबाने. नाताळ हिवाळ्याच्या तोंडाशी आणि ईस्टर शेवटाशी, अशा दोन सणांमध्ये ही मांडी टांगलेली असे.

या विद्येचा लेखी पुरावा दोन हजार वर्षांहून जुना आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या अखेरीस मांड्या खारवण्याची कृती दिली आहे. मोठ्या मडक्यात मीठ आणि मांड्या यांचे थर द्यावेत, पाच दिवसांनी वरच्या खाली कराव्यात, बारा दिवसांनी काढून मीठ झटकावे, दोन दिवस वाऱ्यावर आणि दोन दिवस धुरात टांगाव्यात, मग तेल आणि शिरका चोळून ठेवून द्याव्यात, असा तो क्रम आहे. स्ट्रेबो या भूगोलकाराने पिरेनीज पर्वतातील लोकांच्या हॅमची आणि त्यापासून त्यांना होणाऱ्या उत्पन्नाची नोंद केली आहे. आणि एपिशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात तर आपल्या विषयाचा थेट पूर्वज भेटतो. मांडी भरपूर सुक्या अंजिरांबरोबर आणि तमालपत्रासारख्या सुवासिक पानांबरोबर उकळावी, कातडी काढून चौकोनी चिरा द्याव्यात, त्यांत मध भरावा आणि तेलात मळलेल्या पिठात गुंडाळून भट्टीत भाजावी, असे तेथे सांगितले आहे. चिरा, मध आणि भट्टी ही तिन्ही लक्षणे तेथे आहेत. खारट मांसावर गोडाचा लेप चढविणे ही अलीकडची अमेरिकन हौस असावी असा समज सहज होतो. पण तिचे मूळ रोमन स्वयंपाकघरात आहे.

उत्तरेकडील देशांत या मांसाला सणाचे मानपान मिळाले. प्राचीन नॉर्स कथांत फ्रेय या देवाचा वराह प्रसिद्ध आहे. मकरसंक्रमणाच्या सुमारास येणाऱ्या यूल सणात वराह सभेत आणून त्याच्या पाठीवर हात ठेवून शपथा घेत, असे एका सागाग्रंथात वर्णन आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात नाताळच्या मेजवानीस रानडुकराचे मस्तक गाण्याच्या साथीने मिरवीत आणण्याची परंपरा आहे, आणि त्या प्रकारचे एक गीत १५२१ साली छापलेले सापडते. स्वीडनमध्ये आजही नाताळच्या आदल्या दिवशी उकडून, वर मोहरी, अंडे आणि पावाचा चुरा लावून भाजलेले हॅम मुख्य मानले जाते. ज्या पाण्यात ते उकडले त्या पाण्यात पाव बुडवून खातात. जुन्या देवांशी या चालींचे नाते काही अभ्यासक जोडतात. परंतु ज्या ऋतूत मांस मुबलक असते त्या ऋतूच्या सणाला ते खाल्ले जाणार, एवढे साधे कारणही पुरेसे आहे.

आता साहजिक प्रश्न येतो की आपल्याकडे हे का झाले नाही. केवळ धर्मनिषेध हे त्याचे उत्तर नव्हे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पदाच्या ओळींमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात वराहाचे मांस राजासाठी कसे सिद्ध करावे हे तपशिलाने दिले आहे. पांढऱ्या वस्त्राने झाकून त्यावर कढत पाणी ओतावे म्हणजे केस निघतात, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर धरावे, आणि मग भाजावे, अशी ती रीत. पुढील काळात मराठे आणि राजपूत सरदारांत रानडुकराची शिकार प्रतिष्ठेची होती. तथापि हे सर्व मांस ताजे खाण्याचे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्याच्या हवेत मांडी आठवडेच्या आठवडे मिठात ठेवावी अशी थंडीच नाही. जे पक्वान्न बर्फाळ हवेने घडवले ते दख्खनच्या उन्हात घडणार कसे?

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पोर्तुगीज आपल्या देशातील सुकवलेल्या हॅमची आवड घेऊन आले, पण गोव्याच्या दमट उष्ण हवेत ते जमण्यासारखे नव्हते. तेथील ख्रिस्ती स्वयंपाकघराने वेगळी वाट काढली. मांसाचे लहान तुकडे करावेत म्हणजे मीठ लवकर मुरते. माडाच्या सुरेचा शिरका घालावा म्हणजे आंबटपणाने ते टिकते. मिरची-मसाला भरून उन्हात आणि धुरात सुकवावे. अशा रीतीने गोव्याची सॉसेजे, म्हणजे तेथील भाषेत चोरीस, तयार झाली. नाताळला सान्नांबरोबर खातात ते सोरपोतेलही शिरक्याच्या बळावरच दिवसेंदिवस टिकते आणि मुरत जाते. विंदालू या नावातही दारू वा शिरका आणि लसूण हे पोर्तुगीज शब्द दडलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी करावयाच्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. तो शब्दही पोर्तुगीज. आपल्या देशावरच्या वाळवणाची गोष्ट याहून निराळी नाही. सांडगे, पापड, कुरडया ही चैत्र-वैशाखातील उन्हाची देणगी. त्यांनी थंडीचा उपयोग केला, आपण उन्हाचा केला आणि गोवेकरांनी माडाचा केला. पुढच्या ऋतूची धास्ती मात्र तिघांची एकच होती.

जे अन्न एकाच्या घरी सणाचे असते तेच दुसऱ्यासाठी कसोटीचे होऊ शकते, ही या इतिहासाची काळी बाजू आहे, आणि ती वगळून पुढे जाणे योग्य होणार नाही. स्पेनमध्ये १४९२ साली यहुद्यांना आणि १५०२ साली कॅस्टिलमधील मुसलमानांना धर्म बदला किंवा देश सोडा असे फर्मावण्यात आले. जे राहिले त्यांच्यावर इन्क्विझिशनची नजर होती. कोणी डुकराचे मांस खाण्याचे टाळतो, अशी शेजाऱ्याने दिलेली साक्ष त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून नोंदली जाई. यहुदी धर्मांतरितांना हिणवण्यासाठी जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थच डुक्कर. दारात टांगलेले हॅम हे अशा घरासाठी संरक्षणाचे चिन्ह बनले. गोव्यातही इन्क्विझिशन १५६० साली आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत राहिले. तेथील १७३६ च्या जाहीरनाम्यात निषिद्ध ठरवलेल्या हिंदू चालीरीतींची यादी अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे आपल्या वाचकांसमोर आलेली आहे. भात अळणी शिजवून मीठ मागाहून घेणे ही गोष्टसुद्धा त्या यादीत होती. भातात मीठ केव्हा घालावे याची चौकशी जेथे सरकार करू लागते तेथे चुलीपाशी बसलेल्या बाईचा जीव कसा थाऱ्यावर राहिला असेल, याची कल्पना करवत नाही.

आता न दिसणाऱ्या जिन्नसाकडे वळू. नुसत्या मिठात मुरवलेले मांस बहुधा करड्या रंगाचे होते. मिठात थोडा सोरा घातला की ते गुलाबी राहते आणि त्याला विशिष्ट चवही येते. युरोपात मध्ययुगानंतर ही रीत पसरली; १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या पाकपुस्तकात हॅम मुरवताना मीठ, जाडी साखर आणि सोरा तिन्ही येतात. हा सोरा त्या काळी मोठ्या प्रमाणात यावयाचा तो आपल्या देशातून. बिहारमधील पाटणा, छपरा, तिरहुत या भागांत गावाच्या कडेची, गुरांच्या मुताने भिजलेली माती नोनिया जातीचे लोक खरवडून आणीत. ती पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून सोऱ्याचे खडे काढीत. डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजे तो तळाशी भारासारखा भरून नेत. प्लासीनंतर, १७५८ साली, इंग्रज कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच मिळवला.

अर्थात या सोऱ्याचे मुख्य काम बंदुकीची दारू करणे हे होते. गंधक, कोळसा आणि सोरा मिळून ती होते, हे महादजी शिंद्यांच्या तोफखान्याच्या कथा ऐकत वाढलेल्या ग्वाल्हेरकरांस सांगण्याची गरज नाही. त्या प्रचंड उलाढालीतील चिमूटभर भाग इंग्रज गृहिणीच्या मिठाच्या पिंपात पडे. ज्या द्रव्याने बंगाल जिंकून देण्यास हातभार लावला त्यानेच नाताळच्या हॅमला लाली आणली. त्या लालीमागचे नोनियांचे खरवडलेले हात मात्र कोणत्याही पाकपुस्तकात आलेले नाहीत.

साखर आणि लवंग यांच्या नोंदी याहून लांबच्या आहेत. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला भारतात सिद्ध झाली. शर्करा या शब्दाची रूपे फारसी-अरबीतून युरोपच्या भाषांत गेली, आणि खांड या शब्दापासून इंग्रजीतील कँडी झाले. १४९३ साली कोलंबस दुसऱ्यांदा अमेरिकेकडे निघाला तेव्हा त्याच्या ताफ्यात उसाची बेणी होती आणि डुकरेही होती. हॅम आणि त्यावरचा पाक या दोघांचे पूर्वज एकाच ताफ्यातून नव्या जगात उतरले, असे म्हणता येईल. त्यानंतर वेस्ट इंडीज आणि ब्राझीलच्या उसमळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लाखो गुलामांची आयुष्ये संपली, तेव्हा युरोपात साखर इतकी स्वस्त झाली की ती मांसावर फासता यावी. लवंग मलुकू बेटांची. तिचा डचांचा मक्ता फ्रेंचांनी १७७० च्या सुमारास मोडला आणि चोरून आणलेली रोपे मॉरिशस बेटावर लावली. पुढे एकोणिसाव्या शतकात झांझिबार हे लवंगेचे मोठे केंद्र झाले.

मॉरिशसचे नाव निघाले तेव्हा आपल्या माणसांचीही नोंद येथे केली पाहिजे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यावर १८३४ पासून मॉरिशसच्या उसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत मराठी कुटुंबे होती. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर इंग्लंडच्या बाजारात गेली आणि तेथून कोणकोणत्या नाताळच्या ताटात पडली असेल ते कोण सांगणार? त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणवतात, आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. आपण इंदूर-बडोद्याचे लोक बहुधा सरदार-मानकऱ्यांच्या, कारकून-मुत्सद्द्यांच्या स्थलांतराचा इतिहास सांगतो. मजुरांच्या स्थलांतराचा हा इतिहासही आपलाच आहे.

अननस ही नोंद त्या मानाने अलीकडची. फळ दक्षिण अमेरिकेचे, आणि आपल्याकडचे त्याचे नाव पोर्तुगीजांकडून आलेले. हॅमवर अननसाच्या चकत्या लावण्याची अमेरिकन चाल डबाबंद फळांमुळे पसरली. जेम्स डोल याने १९०१ साली हवाई बेटांत अननसाची कंपनी काढली, तेव्हापासून हे फळ अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील फडताळांत पोचू लागले.

अमेरिकेत हॅमला जी प्रतिष्ठा मिळाली तिचे माहेर व्हर्जिनिया. १६०७ साली जेम्सटाउन येथे इंग्रजांची वसाहत झाली. जेम्स नदीतील ज्या बेटावर त्यांनी डुकरे सोडली त्याचे नाव आजही हॉग आयलंड, म्हणजे डुकरांचे बेट, असेच आहे. समशीतोष्ण हिवाळा, मुबलक लाकूड आणि रानात चरणारी जनावरे यांमुळे तेथे खारवून, धुरावून, महिनोन्‌महिने टांगून ठेवलेल्या हॅमची परंपरा रुजली. मोठ्या मळ्यांवर मीठ चोळणे, धुराची खोली राखणे आणि सणाला ते रांधणे ही कामे बहुतांशी गुलाम स्त्री-पुरुष करीत. मालकाच्या पाहुणचाराची कीर्ती झाली ती त्यांच्या हातच्या कसबावर. स्मिथफील्ड या गावाचे हॅम इतके नावाजले की १९२६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला: भुईमुगावर पोसलेल्या डुकराचे आणि त्याच गावाच्या हद्दीत मुरवलेले असेल तरच त्यास स्मिथफील्ड हॅम म्हणावे. पुढे भुईमुगाची अट गळाली, गावाची राहिली. तेथील संग्रहालयात १९०२ साली मुरवलेले एक हॅम अद्याप जपून ठेवलेले आहे. त्या गावाच्या नावाची मोठी कंपनी २०१३ साली चिनी उद्योगसमूहाने विकत घेतली. चीनच्या झेजियांग प्रांतातील जिन्हुआचे हॅम स्वतंत्रपणे विख्यात आहे हे ध्यानी घेता, त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागोचे कत्तलखाने आणि बर्फाने गार ठेवलेल्या आगगाड्या आल्या आणि हॅमचा पाया असलेली निकडच संपली. आता मांस वर्षभर ताजे मिळू लागले. आठवडेच्या आठवडे मिठात पुरण्याऐवजी खारे पाणी सुयांनी आत सोडण्याची पद्धत आली. काम काही दिवसांवर आले. १९०१ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खारवलेल्या मांसाच्या लालीचे रहस्य उलगडले: सोऱ्यातील नायट्रेटचे नायट्राइट होते आणि त्याचा मांसातील रंगद्रव्याशी संयोग होतो. (याच हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात येऊन भारताचे नागरिक झाले.) अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२५ साली थेट नायट्राइट वापरण्यास परवानगी दिली आणि बिहारच्या सोऱ्याचे उरलेसुरले कामही संपले. नायट्राइट प्राणघातक विष निर्माण करणाऱ्या एका जंतूस रोखते, हा त्याचा गुण. दुसरी बाजू अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली अशा प्रक्रिया केलेल्या मांसास मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. हॅमचा मान सणापुरताच ठेवण्यास हे एक नवे कारण झाले.

निकड संपली तरी मीठ गेले नाही, ही आम्हांस या साऱ्या नोंदींतील विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. आजचे हॅम इतके कमी खारट असते की शीतकपाटाबाहेर ते टिकणार नाही. म्हणजे ज्या कामासाठी मीठ होते ते काम मीठ आता करीतच नाही. तरीही चवीसाठी, रंगासाठी, आणि आजीच्या घरी असेच असे म्हणून, ते घातले जाते. प्रत्येक घरात शीतकपाट असूनही आपल्याकडे चैत्रात गच्चीवर कुरडया पडतातच. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी पेशव्यांच्या, शिंदे-होळकर-गायकवाडांच्या फौजांमागून उत्तरेत आणि गुजरातेत आलेल्या आपल्या घराण्यांनी भाषेचे बरेच काही वाटेत गमावले असेल, पण वाळवणाचे डबे सोडले नाहीत. पुढच्या ऋतूची धास्ती कधीच संपली. ती निवारण्याची रीत मात्र घराची ओळख होऊन बसली.

राहता राहिला आपल्या परदेशस्थ मुला-नातवंडांचा प्रश्न. नाताळच्या त्या ताटातून कोणी एक काप घेईल, कोणी बटाटे आणि पावावर भागवेल. कोणी काय खावे हे सांगण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही; स्पेनचा आणि गोव्याचा इतिहास वाचल्यावर तो कोणीच घेऊ नये असे वाटते. यजमानाने प्रेमाने वाढलेल्या पदार्थाची हकीकत आवर्जून विचारावी. ती मोठी आहे आणि तिच्यात आपल्याही माणसांच्या श्रमाची नोंद आहे. मात्र कोणी काय ताटात घेतले नाही, याची विचारपूस यजमानाने करू नये आणि पाहुण्यानेही करू नये.